दूरदर्शनची जुनी कॅसेट आणि सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग कंप्युटरवर कसं घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न नीट समजला की नाही हे तुम्हाला कळावं म्हणून आधी तोच थोडक्यात मांडतो. १९८८ साली मुंबई दूरदर्शनवर तुमच्या आईंच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम झाला. तुम्ही तेव्हा डोंबिवलीला होता आणि वडिलांनी तो घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड केला. ती कॅसेट आता चिपळूणच्या घरी आहे, व्हीसीआर दुरुस्त करून आणलाय. बाजारातून ‘एव्ही टू एचडीएमआय’ची डबी आणून लॅपटॉपच्या एचडीएमआयला जोडली, पण लॅपटॉपवर काहीच उमटत नाही. दुसरी गोष्ट, दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीवर झालेली भावाची मुलाखत डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड आहे. त्यातली हार्ड डिस्क काढून कंप्युटरला लावली, तर विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतंय. दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या मावशींना पाठवायच्या आहेत आणि जमलं तर यूट्यूबवर टाकायच्या आहेत.

सगळ्यात आधी ते फॉरमॅटचं. ‘नाही’ म्हणा, कंप्युटर बंद करा, डिस्क काढून होती तशी बॉक्समध्ये बसवा. ‘हो’ म्हटलंत तर मुलाखत गेली. त्याचं पुढे सविस्तर सांगतो.

एचडीएमआयचं उत्तर सोपं आहे. लॅपटॉपवरचं एचडीएमआय चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. त्यामुळे त्यात काहीही जोडलं तरी लॅपटॉपला ते दिसणार नाही. चित्र आत घ्यायला यूएसबीला लागणारं कॅप्चर कार्ड हवं. तुम्ही आणलेली डबी बाजूला ठेवा. पुढे कुणी ‘आता एचडीएमआय कॅप्चर घ्या आणि ही डबी मध्ये लावा’ असं सुचवलं तरी ऐकू नका. ती डबी व्हीसीआरचं चित्र स्वतःच्या मनाने ताणते, चौकोनी चित्र रुंद करते आणि सेकंदाला ५० चित्रांचं ६० करताना हालचालीला गचके देते. हे नुकसान नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही.

पण वायर आणि कार्ड हा या कामातला लहान भाग आहे. लोक माझ्याकडे येतात तेव्हा ‘कोणतं सॉफ्टवेअर?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि मला पहिल्यांदा कॅसेट बघायची असते. सदतीस-अडतीस वर्षांची टेप किती वेळा नीट चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून धोरण असं ठेवायचं की टेप कमीत कमी वेळा चालवायची, एकदाच शक्य तितकी उत्तम नक्कल उतरवून घ्यायची, ती मूळ म्हणून जपायची, आणि व्हॉट्सॲपसाठी, यूट्यूबसाठी लागतील त्या प्रती त्या फाइलमधूनच काढायच्या. बरेच जण नेमकं उलटं करतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचंय म्हणून टीव्हीसमोर मोबाइल धरून शूटिंग करतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा कॅसेट शोधतात तेव्हा ती चालत नाही.

तर आधी कॅसेट. तिच्या कण्याच्या बाजूला, जिथे लेबल चिकटवतात त्या कडेला, प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती शाबूत असेल तर तोडून टाका. ती तुटली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाण्याचा धोका संपतो. हे काम व्हीसीआरजवळ जाण्याआधी करायचं.

मग उजेडात धरून वरच्या खिडकीतून रिळाकडे बघा. टेपच्या कडा काळ्या, सपाट, चकचकीत दिसल्या पाहिजेत. पांढरे ठिपके, जाळी किंवा पीठ भुरभुरल्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. कोकणात, आणि मुंबईतही, कपाटातल्या कॅसेटचा हाच मुख्य शत्रू. बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. ती बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर, चढते, चित्र जातं, टेप चिकटून तुटू शकते, आणि तीच घाण तुम्ही पुढे घालाल त्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या माणसाकडे द्या. आम्ही हे काम वेगळ्या मशिनवर, टेप हळूहळू गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या कापडाने करतो, तेही तोंडाला मास्क लावून, कारण ती बुरशी श्वासात जाणं चांगलं नाही. घरी कापूस आणि स्पिरिट घेऊन प्रयोग करू नका.

तुम्ही चिपळूणच्या आहात म्हणून एक विचारतो. ही कॅसेट २०२१ च्या जुलैच्या पुरात भिजली होती का? वरून वाळलेली दिसली तरी आत गाळ बसलेला असू शकतो. तसं असेल तर तिला ऊन दाखवू नका, हेअर ड्रायरही नको, आणि एकदाही चालवून बघू नका. सरळ जाणकाराकडे द्या.

कॅसेट स्वच्छ असेल तर पुढे व्हीसीआर. दुरुस्त करून आणलाय हे बरं झालं. पण त्यात पहिली कॅसेट आईंची घालायची नाही. घरातली किंवा शेजारची एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घाला, दहा-पंधरा मिनिटं चालवा, पुढे-मागे पळवा, बाहेर काढून टेपची कड बघा. कड मुडपली असेल किंवा टेपला सुरकुत्या पडल्या असतील तर मशिन अजून तयार नाही. परत मेकॅनिककडे. नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जगात शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. त्यामुळे चालू स्थितीतलं मशिन मिळालं असेल तर ते सांभाळून वापरा.

चित्रात पांढऱ्या रेघांचा पाऊस दिसत असेल तर बहुधा हेड मळलेलं असतं. स्वतः साफ करायचं झालं तर मशिनची वायर काढून झाकण उघडा. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ चामड्याचा तुकडा भिजवून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला, हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. चामडं वर-खाली घासायचं नाही, हेड तुटतं. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात. हात थरथरत असेल किंवा मनात शंका असेल तर हे मेकॅनिककडूनच करून घ्या.

आता आईंची कॅसेट घाला. आधी न बघता शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप एकसारखी होते. मध्ये आवाज बदलला, अडखळला, तर लगेच थांबवा. चालू केल्यावर ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवर नेमक्या जागी वाचेल अशी जुळणी, करून घ्यायची, पण ती भजनावर करायची नाही. भजनाच्या आधी दोन-चार मिनिटं जाहिराती, बातम्यांचा शेवट, निवेदिका असं काहीतरी असतंच. त्या भागावर ट्रॅकिंगचं चाक फिरवून चित्र स्थिर करा. महत्त्वाचा भाग पहिल्यांदा चालेल तेव्हाच तो रेकॉर्ड होत असला पाहिजे.

आणि तो आजूबाजूचा भागही उतरवून घ्या. ‘भजन तेवढं घ्या, जाहिराती नकोत’ असं बरेच जण सांगतात. मी तरीही सगळी कॅसेट उतरवतो. निवेदिकेने कार्यक्रमाची ओळख करून दिलेली असते, त्यात मंडळाचं नाव, कधी साथीदारांची नावं असतात. पुढच्या बातम्यांवरून तारीख लागते. त्या काळात जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांवर टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाची घरातली प्रत हीच उरलेली प्रत असू शकते. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी बटण दाबलं ते किती मोलाचं होतं, हे अशा वेळी कळतं.

आता जोडणी. व्हीसीआरच्या मागे पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. १९८८ च्या सुमारच्या बहुतेक घरगुती मशिनवर आवाज मोनो, म्हणजे आवाजाची एकच पिन असते. ती कार्डाच्या पांढऱ्या पिनला लावा आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंना तोच आवाज करून घ्या. काही जुन्या व्हीसीआरना नुसती अँटेनाची जागा असते, पिवळी पिन नसते. तिथून चित्र घेता येतं, पण दर्जा उतरतो. तसं असेल तर दुसरा व्हीसीआर शोधणं जास्त शहाणपणाचं.

कार्ड कोणतं घ्यावं, यावर एकच उत्तर देता येत नाही. ‘ईझीकॅप’ नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या आत वेगवेगळ्या चिप असतात. एक चांगली चालते, हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी चालत नाही. म्हणून परत करता येईल अशा दुकानातून घ्या आणि त्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर अर्धा तास रेकॉर्ड करून बघा. शेवटच्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळत असतील तर कार्ड कामाचं आहे.

कार्ड लावलं की हमखास एक फोन येतो: ‘चित्र काळं-पांढरं दिसतंय,’ किंवा ‘चित्र वर सरकतंय.’ कार्ड बिघडलेलं नसतं. ही कार्डं अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर लावून पाठवलेली असतात. आपल्याकडचं प्रसारण पाल पद्धतीचं: ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, सेकंदाला २५ चौकटी (पूर्ण चित्रं). एनटीएससी म्हणजे ५२५ रेषा आणि जवळपास ३० चौकटी. सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘पाल-बी’ निवडा, आकार ७२० बाय ५७६ ठेवा, वेग २५. रंग लगेच येतील. मावशींना कॅसेटच पाठवून देऊ, तिकडे करून घेतील, असा विचार मनात असेल तर याच कारणासाठी सोडून द्या. तिकडचा साधा व्हीसीआर ही कॅसेट नीट दाखवणार नाही.

दुसरा फोन गडगडण्याचा, म्हणजे आवाजात सतत ‘हूं’ असा घुमारा. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो. व्हीसीआरला केबलची किंवा डिशची वायर लावलेली असेल तर तीही काढा. घराच्या अर्थिंगमधून हा आवाज येत असतो.

चित्राचा उजेड रेकॉर्डिंगच्या आधी बघून घ्या. अनेक कार्डं कॉन्ट्रास्ट वाजवीपेक्षा जास्त ठेवतात आणि पांढरा भाग पेटून जातो. भजनी मंडळ म्हणजे पांढऱ्या साड्या असण्याची शक्यता मोठी. साडीच्या चुण्या दिसत नसतील, नुसता पांढरा पट्टा दिसत असेल, तर कार्डाच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट चुण्या उमटेपर्यंत खाली आणा. चित्र जरा मंद वाटलं तरी चालेल, ते नंतर उजळता येतं. रेकॉर्ड होतानाच पेटलेलं पांढरं परत आणता येत नाही.

आता सगळ्यात चिवट अडचण. व्हीसीआरमधला ड्रम अगदी एकसारख्या वेगाने फिरत नाही आणि जुनी टेप थोडी ताणलेली असते. त्यामुळे प्रत्येक रेषा किंचित मागे-पुढे सुरू होते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे पोटात घालायचा. कॅप्चर कार्डाला ते जमत नाही. ते मधल्या चौकटी गाळतं, आणि गाळलेल्या चौकटींमुळे आवाज आणि ओठांची जुळणी हळूहळू सुटत जाते. कधी चित्र उगाच उजळतं आणि मावळतं, किंवा कार्ड ‘ही कॅसेट कॉपी करता येणार नाही’ असं सांगतं. घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर कॉपी रोखणारी खूण नसते. अस्थिर सिग्नललाच कार्ड ती खूण समजतं. व्यावसायिक लोक यासाठी टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र मध्ये लावतात. घरच्या पातळीवर स्वस्त उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. त्यात डिस्क घालायची नाही. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटची वायर कार्डाला. त्याच्यातून जाताना रेषा सरळ होतात. हे प्रत्येक डीव्हीडी रेकॉर्डर करत नाही. पॅनासॉनिकची ईएस१० आणि ईएस१५ ही मॉडेल्स या कामासाठी जगभरच्या हौशी लोकांत ओळखली जातात. असं यंत्र नसेल तर आधी तसंच करून बघा, कारण काही टेप इतक्या सुस्थितीत असतात की गरजच पडत नाही.

लॅपटॉपच्या बाजूने एवढं पाळा: कार्ड थेट यूएसबीला लावा, हबमध्ये नको. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर करा, पेन ड्राइव्हवर नको. विंडोजचं अपडेट आणि झोपी जाणं बंद ठेवा. कॅसेट तीन तासांची असेल तर तीन तास त्या लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअरच्या दोन वाटा आहेत. एक, ‘व्हर्च्युअलडब’ने हफवायूव्हीसारख्या पद्धतीत रेकॉर्ड करायचं. यात काहीच गाळलं जात नाही, पण तासाला साधारण ३० जीबी जागा लागते. तीन तासांच्या कॅसेटला ९०-१०० जीबी. मी स्वतः हीच वाट घेतो. दुसरी वाट ‘ओबीएस’ची. ते फुकट आहे, सोपं आहे. फक्त सुरुवातीची सेटिंग बदलावी लागते: कॅनव्हास ७६८ बाय ५७६, वेग ५०, कार्डाच्या स्रोतावर उजवं क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ टू एक्स’, वरची फील्ड आधी. दर्जा भरपूर ठेवा. आणि फाइल एमकेव्हीमध्ये रेकॉर्ड करा, एमपी४ मध्ये नको. मध्येच वीज गेली तर एमकेव्ही तिथपर्यंत शाबूत राहते, साधी एमपी४ मात्र बहुधा उघडतच नाही. नंतर ओबीएसमध्येच ती दर्जा न घालवता एमपी४ करता येते. कोकणातला पावसाळा आणि विजेचा भरवसा बघता लॅपटॉपला बॅटरी आहेच, पण व्हीसीआर इन्व्हर्टरवर ठेवा. चालू टेपवर वीज गेली तर ती ड्रमभोवती अडकून राहते.

डीइंटरलेसिंग म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगतो, कारण इथेच चांगली उतरवलेली कॅसेट वाया जाते. जुन्या टीव्हीचं चित्र एकदम येत नाही. आधी एकाआड एक रेषा येतात, मग सेकंदाच्या ५०व्या भागाने उरलेल्या रेषा. कंप्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून टाळ वाजवणारा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. सोपा पण वाईट उपाय म्हणजे अर्ध्या रेषा टाकून देणं. त्याने दात जातात, पण तपशील अर्धा होतो आणि हालचाल सेकंदाला २५ वर येऊन अडखळते. चांगला उपाय म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण चौकट तयार करणं, म्हणजे सेकंदाला ५० चौकटी. टाळ, मृदंगावरचे हात, मानेची हालचाल तेव्हा टीव्हीवर दिसायची तशीच दिसते. व्हर्च्युअलडबने घेतलेल्या फाइलवर हे ‘हँडब्रेक’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. डीइंटरलेसच्या जागी ‘बीडब्ल्यूडिफ’ आणि त्यात ‘बॉब’ निवडा.

चित्र सुधारण्याबद्दल माझं मत ठाम आहे. व्हीएचएसच्या, म्हणजे अशा घरगुती कॅसेटच्या, चित्रात आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो. त्यात नसलेली गोष्ट कुणी आणू शकत नाही. खालच्या कडेला सरकणारी खरबरीत पट्टी दिसेल, ती ड्रमवरचं एक हेड संपून दुसरं वाचायला लागतं त्या क्षणाची खूण आहे, बिघाड नाही, वाटायच्या प्रतीत काळी पट्टी टाकून झाका. थोडा रंगाचा गोंधळ कमी केला तर हरकत नाही. पण आवाज-चित्र ‘एआय’ने एचडी करून देतो म्हणणाऱ्या ॲपपासून आईंचा चेहरा दूर ठेवा. ती ॲप्स डोळे, दात, त्वचा अंदाजाने भरतात. निघतो तो चेहरा तुमच्या आईंचा नसतो. ज्या कुटुंबाकडे त्या वयातल्या आईचं हलतं-बोलतं एवढंच चित्र आहे, त्यांनी असली फाइल मूळ म्हणून ठेवणं मला बघवत नाही.

आता वाटप. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. तिच्यातून भजनाचा भाग कापा आणि प्रत काढा. यूट्यूबसाठी ती १४४० बाय १०८० आकाराची, सेकंदाला ५० चौकटींची करा. चित्र ४:३ चंच ठेवा, बाजूला काळे पट्टे घालू नका आणि ताणून रुंदही करू नका. चित्रात १०८० रेषांचा तपशील नाही, मग एवढा आकार कशाला, असं वाटेल. कारण यूट्यूब ७२० पेक्षा कमी उंचीच्या व्हिडिओला ५० चौकटी देत नाही आणि लहान व्हिडिओ जास्त दाबून टाकतं. दहा मिनिटांचं भजन ८ एमबीपीएसला (सेकंदाला ८ मेगाबिट) साधारण ६०० एमबी होईल. मावशींना तीच फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तिथे २ जीबीपर्यंत जागा आहे आणि चित्र दाबलं जात नाही. गॅलरीतून पाठवलंत तर निम्मा दर्जा वाटेतच जाईल. डीव्हीडी करून पाठवू नका, पालच्या डिस्क तिकडचे बरेच प्लेअर घेत नाहीत.

आता भावाची मुलाखत. सशुल्क डीटीएचचे बॉक्स रेकॉर्डिंग कुलूपबंद करून ठेवतात आणि ते कुलूप त्याच बॉक्सला आणि त्यातल्या वर्गणीच्या कार्डाला बांधलेलं असतं. म्हणून विंडोजला ती डिस्क कोरी वाटते. डिस्क काढून, ‘रिकव्हरी’ करून, काही उपयोग नाही. ते कुलूप फोडणाऱ्या वाटेला मी जात नाही आणि जाऊ नका असंच सांगेन. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे, ६५ए. बॉक्सच्या एचडीएमआयमधून येणारं चित्रही अशाच कुलपासह येतं, त्यामुळे कॅप्चर कार्डावर काळा पडदा दिसतो.

पहिला उपाय फुकटचा आहे: त्या वाहिनीच्या यूट्यूबवर भावाचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख टाकून शोधा. दोन वर्षांपूर्वीची मुलाखत तिथे असण्याची शक्यता चांगली आहे, आणि मावशींना तीच लिंक पाठवता येईल. नसेल तर भावाने स्वतः त्या कार्यक्रमाच्या निर्मात्याला फाइल मागावी. पाहुण्याने मागितली तर पुष्कळदा देतात. हे दोन्ही झालं नाही, आणि फक्त घरात ठेवायला प्रत हवी असेल, तर बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनमधून, व्हीसीआरसाठी घेतलेल्या त्याच कार्डावर रेकॉर्डिंग चालवून घ्या. काही बॉक्सना तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच छिद्र असतं, त्याची वायर वेगळी मिळते. बॉक्सचं आउटपुट १६:९ ठेवा आणि फाइल १०२४ बाय ५७६ करा, नाहीतर माणसं उंच आणि बारीक दिसतात. हे लवकर करा. बॉक्स बिघडला, बदलून मिळाला किंवा वर्गणी बंद पडली की ते रेकॉर्डिंग बहुधा तिथेच संपतं.

डीडी फ्री डिशसारख्या मोफत वाहिन्यांच्या बॉक्समध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करायची सोय असेल तर तिथे हा त्रास बहुधा नसतो. पेन ड्राइव्हवर टीएस प्रकारच्या फाइल मिळतात, मोठ्या रेकॉर्डिंगचे ४ जीबीचे तुकडे होतात, आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ते सरळ चालतात. पुढे कुणा घरच्याचा कार्यक्रम असेल तर हा मार्ग लक्षात ठेवा.

यूट्यूबबद्दल मी वकील नाही, पण कामामुळे जे कळलं ते सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारण करणाऱ्या संस्थेचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं चालतो, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या बाबतीत २०१३ च्या अखेरीस तो संपला. पण तो एकच हक्क. कार्यक्रमाच्या चित्रीकरणावरचा हक्क वेगळा आणि त्याहून बराच लांब. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण त्याला कुणी अलीकडे लावलेली चाल त्या संगीतकाराची असू शकते. घरच्या घरी बघणं, नातेवाइकांना दाखवणं यात मला अडचण वाटत नाही. सगळ्यांसाठी खुलं टाकायचं असेल तर आधी दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारती अर्काइव्ह्जच्या यूट्यूब चॅनेलवर तो कार्यक्रम आहे का बघा, आणि नसेल तर त्यांना लिहून विचारा. भावाच्या मुलाखतीचे हक्क सरळ वाहिनीचे आहेत, ती आपल्या चॅनेलवर टाकू नका. ‘अनलिस्टेड’, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, ठेवलं तरी यूट्यूबची आपोआप होणारी तपासणी त्यावर चालतेच.

क्रमाने सांगायचं तर: हार्ड डिस्क परत बॉक्समध्ये, कॅसेटची पट्टी तोडा, बुरशी बघा, दुसऱ्या कॅसेटवर व्हीसीआर आणि कार्ड दोन्ही तपासा, आणि मगच आईंची कॅसेट लावा. एकच कॅसेट असेल आणि हे सगळं जड वाटत असेल तर जाणकाराला देणंही बरोबर आहे, खर्चही कदाचित कमी पडेल. मात्र दुकानदाराला ‘डीव्हीडी नको, फाइल हवी, दाबलेली नसलेली मूळ फाइलही हवी, आणि वाटायच्या प्रतीत सेकंदाला ५० चौकटी हव्यात’ असं स्पष्ट सांगा. यावर त्याचा चेहरा कोरा राहिला तर कॅसेट परत घेऊन या.

कार्ड विकत घेण्याआधी व्हीसीआरच्या मागच्या बाजूचा आणि कॅसेटच्या खिडकीचा उजेडातला फोटो पाठवा. कुठल्या पिना आहेत आणि टेपच्या कडा कशा आहेत ते बघून, घरी करावं की बाहेर द्यावं हे मी नक्की सांगेन.